अस्तरातलं नाव

माझा मामा ओहायो राज्यातल्या डेटन शहरात राहतो. नोकरीभर त्याने यंत्रांचे आराखडे काढले. निवृत्त झाल्यापासून तो दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांची चामडी जॅकेटं जमवतो आणि ती मुळात कुणाच्या अंगावर होती ते शोधून काढतो. मी पुण्यात जुन्या कागदपत्रांचं काम करते : दप्तरं सोडवायची, लावायची, नोंदवायची, टिकवायची. या जॅकेटांवरून आमचं कधीच पटलेलं नाही. खालचा संवाद आमच्या अनेक वेळच्या बोलण्यातून जुळवला आहे. छापायला देण्याआधी मामाने तो वाचला आणि स्वतःच्या तोंडची काही वाक्यं बदलून दिली.

मी : सरळच विचारते. ज्या जॅकेटावर दुसऱ्याचं नाव शिवलंय, ते तुझं कसं?

मामा : पैसे मोजलेत, पावती आहे, तेव्हा कायद्याने माझं. पण तुला ते विचारायचं नाही, हे कळतंय मला. मी घेतलं नसतं तर एखाद्या हौशी माणसाने घेतलं असतं, छातीवरची पट्टी उसवली असती आणि समारंभात मिरवलं असतं. मी घेतो ते त्या पट्टीसाठी. बिननावाचं ए-टू कितीही कोरं करकरीत असू दे, मी त्याच्याकडे बघत नाही.

ए-टू म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने मे १९३१ मध्ये नमुना ठरवून दिलेलं हे जॅकेट. बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, काही बकरीच्या. कॉलर टिचबटणांनी दाबून बसवलेली, मनगटांना आणि कमरेला लोकरीचं विणकाम, पुढे चेन. १९४३ मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अर्नोल्ड यांनी चामडी जॅकेटांची नवी मागणी थांबवली आणि कापडी बी-टेन आलं. ऊब हा ए-टूचा गुण कधीच नव्हता. इंग्लंडहून जर्मनीवर जाणाऱ्या बी-१७ विमानांत, २५,००० फुटांवर, पारा उणे ४० च्या आसपास असे. तिथे मेंढीच्या लोकरीचं बी-थ्री लागे, पुढे विजेवर तापणारे सूट आले. तरी त्या पोरांनी जीव लावला तो ए-टूवरच. तळावरच्या एखाद्या हात बसलेल्या शिपायाला पैसे देऊन पाठीवर विमानाचं नाव रंगवून घ्यायचं आणि प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब काढून घ्यायचा. आठव्या वायुदलात आधी २५ मोहिमा झाल्या की माणसाची सुटका होई; १९४४ मध्ये हा आकडा ३० वर आणि मग ३५ वर गेला. त्या एका दलाचे २६,००० हून अधिक लोक युद्धात मेले.

मी : नाव पट्टीवर असतंच. मग शोधायचं काय उरतं?

मामा : सगळ्यांना पट्टी उरलेली असती तर काय हवं होतं! बहुतेक वेळा टाक्यांची भोकं दिसतात आणि त्यांच्यामध्ये ऊन न लागलेल्या कातड्याचा गडद चौकोन. मग आत बघायचं. कॉलरखालच्या लेबलावर प्रकार, ड्रॉइंगचा नंबर, कंत्राटाचा नंबर आणि कंपनी : रफ वेअर, एअरो लेदर, पेरी, शिकागोचे डुबो. कंत्राटावरून साल कळतं. हे सगळे नमुने आमच्या गावातल्या राइट फील्डवर ठरत, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच अप्रूप. आणि नशिबात असेल तर अस्तरावर शाईने लिहिलेलं एक अक्षर आणि चार आकडे सापडतात.

मी : धुलाईची खूण.

मामा : तीच. लष्करी धुलाईत कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आडनावाचं आद्याक्षर आणि लष्करी क्रमांकातले शेवटचे चार आकडे लिहायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या काळच्या भरतीच्या नोंदी खुल्या केल्या आहेत. जवळजवळ ९० लाख माणसं आहेत त्यांत. शेवटच्या चार आकड्यांनी चाळलं की सरासरीने नऊशे उरतात, आद्याक्षर लावलं की काही डझन. पुढचं काम हाताने. क्रमांकाची सुरुवात १ ने असेल तर गडी आपणहून भरती झालेला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. दुसरा आकडा देशाचा विभाग सांगतो. छातीवरच्या पॅचवरून तुकडी कळली की तिच्या नावनिश्या बघायच्या, विमानासमोर उभं राहून काढलेले फोटो बघायचे. फोटोत तेच जॅकेट असेल तर खिशाची शिवण, कॉलरचं वळण ताडून बघता येतं. विमान परतलं नसेल तर त्याचा बेपत्ता-अहवाल असतो; त्यात माणसं, जागा, इंजिनांचे नंबरसुद्धा मिळतात.

मी : आणि अधिकारी असेल तर?

मामा : त्यांचे क्रमांक वेगळे, ओ अक्षराने सुरू होणारे. भरतीच्या नोंदींतून त्यांना गाठता येत नाही. तिथे ही वाट खुंटते.

मी : त्या नोंदी मी चाळून पाहिल्यात. मुळात ती पंच कार्डं होती. त्यांची मायक्रोफिल्म केली, कार्डं नष्ट केली आणि कैक वर्षांनी त्या फिल्मवरून संगणकाने वाचायचा प्रयत्न झाला. लाखो कार्डं वाचताच आली नाहीत. तुझ्या काही डझनांत खरा माणूस नसण्याचीही शक्यता आहे.

मामा : आहे. म्हणून एकमेकांपासून स्वतंत्र असे तीन पुरावे जुळल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

मी : लष्कराकडे प्रत्येकाची सेवापुस्तिका असणार. ती का मागवत नाहीस?

मामा : हे तू विचारावंस? १२ जुलै १९७३.

ही तारीख माझ्या व्यवसायातल्या कुणालाही विसरता येत नाही. मिसुरी राज्यात, सेंट लुइसजवळच्या लष्करी दप्तरखान्याच्या सहाव्या मजल्याला त्या रात्री आग लागली. पूर्ण विझायला चार दिवस लागले. १६ ते १८ दशलक्ष माणसांच्या फाइली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची नोंद जळाली, आणि युद्धकाळातले हे वैमानिक लष्कराचेच असल्याने तेही त्यात आले. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कुणाची फाइल आत होती याची यादीसुद्धा नव्हती. आग विझवायला मारलेल्या पाण्याने उरलेलं भिजलं. जुलैच्या उकाड्यात बुरशी धरायला लागली, तेव्हा विमानं बांधणाऱ्या मॅकडॉनेल डग्लस कंपनीचं निर्वात दालन मागून घेऊन त्यात ओले कागद सुकवले. कडा जळालेले ते कागद आजही एकेक करून हाताळले जातात. मी कागदांत आयुष्य काढलंय. एका रात्रीत एका पिढीचं लष्करी आयुष्य पुसलं जाणं म्हणजे काय, याचा विचार करायला लागले की हातातलं काम थांबतं.

मामा : आता सांग. फाइल जळाली. भरतीच्या नोंदीत जिल्हा, जन्मसाल, शिक्षण असलं काही. तो कुठल्या विमानात होता, किती वेळा गेला, हे कुठे आहे? माझ्या कपाटात, घोड्याच्या कातड्यावर.

इथे मला हार घ्यावी लागते आणि मी ती मनापासून घेते. जळालेल्या फाइलीनंतर अस्तरावरचे चार आकडे हा दस्तऐवजच ठरतो. मामाला वस्तूंचा लोभ आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तो दस्तऐवज वाचतो, आणि चांगला वाचतो. पण दस्तऐवज म्हटलं की दस्तऐवजाचे नियम लागू होतात, आणि आमचं खरं भांडण तिथून पुढे आहे.

मी : तू दस्तऐवज म्हणतोस ना? मग तो ट्रंकेतून सुटा कसा झाला ते सांग.

मामा : एस्टेट सेलमध्ये. म्हातारा जातो, मुलं घर विकायला काढतात, माळ्यावर ट्रंक निघते.

मी : त्या ट्रंकेत काय काय असतं?

मामा : जॅकेट, उड्डाणांची वही, पत्रं, पदकं, फोटो. आमच्यात त्याला ग्रुपिंग म्हणतात. कधी पॅराशूटने जीव वाचलेल्यांना अर्विन कंपनी द्यायची ती अळीच्या आकाराची सोन्याची पिनसुद्धा असते.

मी : आणि विकणारा काय करतो? जॅकेट एकाला, पदकं दुसऱ्याला, वही तिसऱ्याला, पत्रं तिकिटांच्या शौकिनाला. प्रत्येकाला थोडे जास्त पैसे मिळतात. त्या ट्रंकेत एक माणूस अख्खा होता. तू पुढे वर्षभर राबून जे जुळवतोस ते त्या दुपारपर्यंत जुळलेलंच होतं. ज्या बाजाराने ते तोडलं त्याच बाजारात तू गिऱ्हाईक आहेस. तुझ्यासारखे लोक जॅकेटाला चढा भाव देतात म्हणून ते वेगळं काढलं जातं.

मामा : (थोडं थांबून) हे खरं आहे. पूर्ण ट्रंक मिळाली तर मी पूर्णच घेतो. पण दर वेळी परवडत नाही.

मी : परवडत नाही तेव्हा घेऊ नकोस.

मामा : मी घेतलं नाही तर ती एकत्र राहील असं वाटतं तुला? तू कागद फाटू नये म्हणतेस, मी फाटलेला तुकडा उचलतो. दोन्ही कामं लागतात.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. एवढंच म्हणते की तुकडा उचलणाऱ्याने तो कुठून, कुणाकडून, कोणत्या तारखेला, आणखी कशाकशाबरोबर आला हे त्याच दिवशी लिहिलं पाहिजे. हा हिशोब ठेवणारे संग्राहक फार थोडे. ‘एका कुटुंबाकडून मिळालं’ एवढ्यावर सगळं भागवतात.

मी : आणि खोटं? नावाला भाव आला की नावं तयार होतात.

मामा : होतात. जुन्या कोऱ्या ए-टूवर नवी पट्टी शिवतात, पाठ रंगवतात. त्यासाठी मी भिंग आणि अतिनील दिवा ठेवतो. युद्धानंतरच्या दोऱ्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ती त्या उजेडात निळसर पेटतात. त्या काळचा सुती दोरा विझलेला राहतो. रंगाचंही तसंच. जुना रंग कातड्याबरोबर तडकतो. आधीच पडलेल्या भेगेत उतरून बसला असेल तर तो नंतरचा. पण सगळ्यात जास्त खोटं दोऱ्यात नसतं, गोष्टीत असतं. पाठीवर अकरा बॉम्ब असले की विकणारा सांगतो, बाराव्या मोहिमेत गेला बिचारा. मेलेल्याच्या जॅकेटाला भाव जास्त.

मी : हेच मला सहन होत नाही.

मामा : मलाही होत नाही. अकरावर थांबण्याची दहा कारणं असतात. रंगवणारा शिपाई बदलून गेला असेल, जॅकेट मित्राला दिलं असेल, कंटाळा आला असेल. मेलेल्यांचं सामान तर कॅन्सस सिटीच्या लष्करी कचेरीत जायचं. तिथे सरकारी वस्तू बाजूला काढायच्या, डाग पुसायचे, घरच्यांना दुखेल असं काही असेल तर वेगळं करायचं आणि मग पेटी घरी पाठवायची. ए-टू सरकारी मालमत्ता. त्यामुळे मेलेल्याचं जॅकेट म्हणून जे विकायला येतं, त्यातलं बरंचसं जगलेल्यांचं असणार असा माझा कयास. जे परतले त्यांनी ते कॉलेजात घातलं, शेतावर घातलं, घरं रंगवताना घातलं.

मी : तू त्यांचा उल्लेख नेहमी ‘पोरं’ असा करतोस. माया आहे त्यात. पण पाठीवरच्या त्या प्रत्येक बॉम्बखाली एक गाव होतं.

मामा : कारखाने होते, बॉल-बेअरिंगचे, विमानांचे.

मी : आणि कारखान्यांभोवती घरं. १९४३ मध्ये ब्रेमेनवर पडलेल्या त्या बॉम्बार्डियरचं जॅकेट आठवतं ना?

मामा : ‘मर्डर इंक.’

हा प्रसंग या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ३५१ व्या बॉम्ब ग्रुपमधल्या एका तरुणाने आपल्या विमानाचं नाव जॅकेटावर लिहून घेतलं होतं. न्यूयॉर्कमधल्या भाडोत्री मारेकऱ्यांच्या टोळीला वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव ते. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो पकडला गेला. जर्मन प्रचारखात्याने त्याला ते जॅकेट घालून उभं केलं, पाठीचा फोटो काढला आणि छापला : पाहा, हे स्वतःच स्वतःला खुनी म्हणवतात.

मामा : ते पोरगं गुंड नव्हतं. विमानाचं नाव बहुधा बारमध्ये हसत हसत ठरलेलं. ते शत्रूच्या हाती लागलं.

मी : मान्य. आणि तो फोटो ज्यांनी आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर बसून पाहिला, त्यांना ते नाव खरं वाटलं हेही मान्य कर. नाव शोधण्याचा अभिमान तू बाळगतोस. मग त्या माणसाने कुठे बॉम्ब टाकले, त्या दिवशी खाली काय झालं, हे तुझ्या फाइलीत का नसतं? मोहिमेची तारीख तुझ्याकडे असते. तारखेवरून शहर कळतं. शहराच्या दप्तरात मेलेल्यांची यादी असते.

मामा : ते त्याच्या गळ्यात मारायचं?

मी : गळ्यात मारायचं नाही. शेजारी ठेवायचं. एकाच मोहिमेच्या दोन नोंदी आहेत त्या.

या मुद्द्यावर मामा हलला नाही. त्याचं म्हणणं, वीस वर्षांच्या मुलाला नकाशा हातात देऊन पाठवलं जातं, त्याच्या कपड्याकडून युद्धाचा न्याय मागू नये. मला न्याय नको आहे. मला पूर्ण दप्तर हवं आहे. माझ्या मते याबाबतीत तो चुकतो, आणि हे मी त्याच्या संमतीने इथे लिहिते आहे.

मी : आपल्याकडचं एक जॅकेट तुझ्याजवळ आहे ना?

मामा : आपल्याकडचं म्हणजे हंपचं. आसामातून उडून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणाऱ्यांचं. चबुआ, दिंजान, जोरहाट, मोहनबारी इथले तळ. साडेसहा लाख टन सामान गेलं आणि सहाशेच्या आसपास विमानं पडली. खांद्यावरच्या पॅचवर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी शेजारी. आत अस्तरावर कापडाचा तुकडा, अनेक भाषांत विनंती : हा माणूस मित्र आहे, याला वाचवा. खरगपूरकडच्या तळांवरची बी-२९ तर हंपच्या एका फेरीमागे एक उंट रंगवून घेत.

मी : तो पॅच जरीत भरलेला आहे. भारतातल्या कारागिराच्या हातचं काम. त्याचं नाव शोधलंस?

मामा : कुठे शोधू? कुणी लिहूनच ठेवलं नाही.

मी : तेवढं तरी फाइलीत लिही : भरतकाम स्थानिक, कारागीर अज्ञात. आणि ती विमानं जिथे पडली तिथल्या माणसांचं लिही. अरुणाचलातल्या शिकाऱ्यांना ते सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यांनी वाटा दाखवल्या म्हणून परदेशी शोधकांना विमानं सापडली. २०१६ मध्ये तिथले काही अवशेष दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला गेले, आणि २०२३ मध्ये पासीघाटला हंपचं संग्रहालय उघडलं. तुझ्या जॅकेटाची अर्धी गोष्ट तिथे आहे.

मामा : हे लिहीन. हे मला पटलं.

मी : मग आता त्या मुलीचं.

मामाच्या संग्रहातल्या एका जॅकेटाचा मालक त्याच्या तीनही कसोट्यांना उतरला. नाव मी देत नाही. मामाने त्याच्या मुलीला पत्र लिहिलं, फोटो पाठवले, हवं असेल तर जॅकेट पैसे न घेता देतो म्हणाला. तिचं उत्तर चार ओळींचं होतं : वडील त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत, घरात त्याचा त्रास सगळ्यांनी सोसला, जॅकेट नको आणि त्यांच्याबद्दल कुठे काही लिहूही नये.

मामा : सेवा संपून बासष्ट वर्षं झाली की लष्करी फाइल सगळ्यांना खुली होते, असा इथला नियम आहे. तो माणूस इतिहासात गेलाय.

मी : फाइल बघायचा हक्क तुला आहे. तिला आणखी एक पत्र पाठवायचा हक्क नाही.

मामा : पाठवणार नाही. पण जॅकेटाचं काय करू? माझ्या मुलांना यातलं काही नको. माझ्यानंतर हेही सेलमध्ये जाईल.

मी : संग्रहालयाला दे.

मामा : अटी घालून दिलेली वस्तू संग्रहालयं सहसा घेत नाहीत.

मी : मग विक. पण नावाशिवाय. फाइल मागे ठेव.

मामा : वा! ट्रंक फोडणाऱ्यांवर इतका वेळ तू चिडत होतीस, आणि आता जॅकेट आणि फाइल वेगळी करायला सांगतेस?

बोट बरोबर दुखऱ्या जागी पडलं होतं. मला विचार करायला वेळ लागला. उत्तर माझ्या रोजच्या कामातच होतं. दप्तरखान्यात काही फाइली बंद ठेवाव्या लागतात, पण सूचीत त्यांची ओळ राहते. फाइल आहे, अमुक क्रमांकाची आहे, आज बघता येणार नाही, हे येणाऱ्याला कळतं.

मी : वेगळी करू नकोस, बंद कर. फाइलीला क्रमांक दे. तोच क्रमांक लिहिलेली सुती चिठ्ठी जॅकेटाच्या खिशात ठेव, अस्तराला टोचू नकोस. घेणाऱ्याला सांग, याची नोंद आहे, ती मुलगी असेपर्यंत मिळणार नाही.

मामा : नावाशिवाय किंमत निम्मी होईल.

मी : निम्मीत दे.

मामा : आणि ती गेल्याचं मला कसं कळणार? मीच तिच्याआधी जाईन. तोवर फाइल सांभाळायची कुणी?

मी : पाठव पुण्याला. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, शाई कातड्यात उतरते.